सार्वजनिक वृक्ष : त्यांपासून होणारे लाभ व त्यांची जोपासना
(किनवट तालुक्याच्या विशेष संदर्भाने)

किनवट म्हटले म्हणजे मराठवाड्यातील इतर तालुक्यांच्या लोकांपुढे सागवानाचे रान उभे राहते. नांदेड जिल्ह्यात जे काही जंगल आहे, त्याचा मोठा हिस्सा किनवट व माहूर ह्या दोन तालुक्यांतच सामावलेला आहे. उलट लातूर जिल्ह्यात जंगलाखालील जमीन शेकडा एकसुद्धा भरत नाही. तेव्हा रस्त्याकडेच्या, बाजारतळावरच्या, पाणवठ्याच्या व गावठाणातील झाडांविषयी लेख लिहावयाचाच, तर तो लातूर-बीडकडील वाचकांकरिता लिहावा, किनवटकरांस त्याची काय गरज, असे कोणी सहज म्हणेल. आमचे म्हणणे असे की, ही गरज किनवटास कमी नसून काही अंशी अधिकच आहे, आणि त्याचे कारण खुद्द साग हेच होय.

साग हा पानगळीचा वृक्ष आहे. माघ-फाल्गुनात त्याची पाने गळून पडतात, आणि मृगाचे दिवस जवळ येईपर्यंत रान खराट्यासारखे उभे असते. म्हणजे ज्या चार महिन्यांत माणसास व जनावरास सावलीची खरी निकड, नेमक्या त्याच चार महिन्यांत ह्या जंगलापाशी द्यावयास सावली नसते. पारा चाळीस अंशांच्या वर चढलेला असताना किनवटहून हिमायतनगर-भोकरकडे किंवा माहूरकडे निघालेल्या वाटसरूस दोन्ही बाजूंस हजारो झाडे दिसतात. पण बैल सोडून घटकाभर बसावे असे ठिकाण शोधावे लागते. सागाने लाकूड द्यावे, पैसा द्यावा, डोंगरउतारावरची माती धरून ठेवावी. वैशाखातील सावली मात्र वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, आंबा व करंज ह्यांनीच द्यावयाची. ही झाडे जंगल खात्याच्या राखीव रानात शोधून उपयोग नाही. ती रस्त्यावर, बाजारात व गावात, म्हणजे सर्वांच्या मालकीच्या जागेत मुद्दाम लावून वाढवावी लागतात. त्यांसच आम्ही ह्या लेखात सार्वजनिक वृक्ष म्हणत आहोत.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मनुष्यास व पशूस सावली मिळावी म्हणून मार्गांवर वड लावविल्याचे व आमराया करविल्याचे सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात नमूद केले आहे. त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी, इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही झाडांचे प्रकरण आहे. आरमारास लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसास हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत व रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, अशा आशयाची त्यातील ताकीद प्रसिद्ध आहे. झाड जीर्ण होऊन उपयोगाचे राहिले नसेल तरच, आणि तेही धन्यास राजी करून व मोल देऊन तोडावे, असा त्यात खुलासा आहे. राज्यकर्त्याने झाडाच्या वयाचा असा हिशेब केलेला पाहून आम्हांस आजही कौतुक वाटते.

झाडापासून होणाऱ्या लाभांपैकी एकाविषयी प्रथम स्पष्ट बोलले पाहिजे. झाडे लावली की पाऊस पडतो, असे प्रत्येक वृक्षारोपणाच्या व्यासपीठावरून सांगण्यात येते. विस्तीर्ण अरण्याचा हवामानावर परिणाम होतो हे खरे. परंतु रस्त्याच्या दुतर्फा दोनशे कडुनिंब लावल्याने ढग अडत नाहीत. किनवटास बीड-लातूरपेक्षा पाऊस अधिक पडतो, तो मुख्यतः हा तालुका मराठवाड्याच्या पूर्व टोकास असून बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या पावसाचा लाभ त्यास अधिक मिळतो म्हणून. शेतकऱ्यास खोटी आशा दाखवून झाड लावावयास सांगितले, म्हणजे पुढच्या अवर्षणात त्याचा झाडावरचाही विश्वास उडतो. झाडाचे जे लाभ खरे व डोळ्यांस दिसणारे आहेत, ते सांगितले तरी पुष्कळ आहेत.

पहिला लाभ गारव्याचा. पत्र्याच्या छपराखालीही सावली असते. पण तो पत्रा तापून खाली झळ सोडतो. झाडाचे पान तसे तापत नाही, कारण मुळांनी ओढलेले पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे वाफ होऊन सतत बाहेर पडत असते आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. एक लिटर पाण्याची अशी वाफ होण्यास जितकी उष्णता खर्ची पडते, तितक्या उष्णतेत सात-आठ लिटर साधे पाणी उकळीस येईल. जमिनीत ओल असल्यास मोठा वृक्ष एका दिवसात शेकडो लिटर पाणी अशा रीतीने हवेत सोडतो. पिंपळाखाली बसलेल्या मनुष्यास जो आराम वाटतो, तो ह्या क्रियेचा आहे. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसणाऱ्या बाईची पालेभाजी सावलीत संध्याकाळपर्यंत टिकते व उन्हात दुपारीच माना टाकते. बसथांब्यावर व शाळेच्या पटांगणात मुलांस ऊन लागत नाही. सावलीत उभी राहिलेली म्हैस दुधास कमी येत नाही. हे सर्व पैशात मांडता येण्याजोगे लाभ आहेत, फक्त ते कोणी मांडून ठेवीत नाही.

शेतीशी ज्यांचा साक्षात संबंध आहे, अशा लाभांत आम्ही निंबोळीस अग्रस्थान देतो. पूर्ण वाढलेल्या कडुनिंबापासून दर वर्षी साधारणतः ३० ते ५० किलो फळे मिळतात, आणि रस्त्याकडेची बहुतेक फळे चाकांखाली चिरडून जातात. किनवट हा कपाशीचा तालुका. आणि कपाशीवरील रस शोषणाऱ्या किडींस व कोवळ्या अळ्यांस आवर घालण्यासाठी निंबोळीच्या अर्काइतके स्वस्त साधन दुसरे नाही. ज्येष्ठात पिवळी होऊन पडलेली निंबोळी गोळा करावी, पाण्यात चोळून गर काढून टाकावा, बी सावलीत वाळवावे व हवा खेळेल अशा गोणपाटात भरून ठेवावे. कडक उन्हात वाळविल्यास किंवा ओले भरून बुरशी येऊ दिल्यास बियांतील कीडनाशक द्रव्याचे सत्त्व कमी होते. फवारणीच्या वेळी ५ किलो बियांची भुकटी १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी घालून एकंदर १०० लिटर करावे आणि उन्हे कलल्यावर त्याच दिवशी फवारून संपवावे. दुकानातून कीटकनाशकाची बाटली आणण्यापूर्वी गावच्या रस्त्यावर किती कडुनिंब आहेत, हे प्रत्येकाने मोजून पाहावे असे आम्ही सुचवितो.

चिंचेचे उत्पन्न तर लिलावात बोलून दाखविले जाते. लातूरच्या बाजारात चिंचेची मोठी आवक होते हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या चार चिंचा असल्या, तर त्यांच्या लिलावाची रक्कम नव्या झाडांच्या पाण्यावरच खर्च करावी, असा ठराव ग्रामसभेत करून घेण्यास हरकत नाही. मोहाचे महत्त्व किनवटच्या गोंड, कोलाम व आंध बांधवांस आम्ही सांगावे असे नाही. ज्याची फुले चैत्रात गरिबाच्या घरी अन्न होतात व बियांपासून तेल निघते, तो वृक्ष रस्त्यात आला तर शेवटपर्यंत वाचवावा, एवढेच म्हणतो. आणखी एक लाभ पक्ष्यांचा. जुन्या आंब्या-चिंचेच्या ढोलीत पिंगळा व घुबड राहतात व रात्री शेतातील उंदीर टिपतात. कोतवाल पक्षी शेंड्यावर बसून उडते किडे धरतो. ढोली पडलेले झाड म्हणजे निकामी झाड, असे समजून ते तोडणारा मनुष्य आपल्या शेताचे राखणदार घालवीत असतो.

आता शेतकऱ्याच्या तक्रारीकडे वळू. रस्त्यास लागून ज्याचे शेत आहे, तो मनातून सार्वजनिक झाडावर रुष्ट असतो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. झाडाच्या सावटात पीक मारले जाते, मुळे ओल ओढून घेतात, पाखरे ज्वारीवर बसतात. ही तक्रार खरी आहे. परंतु तिच्यावर जो उपाय कित्येक ठिकाणी योजण्यात येतो, तो मात्र निंद्य आहे. धसकटे जाळण्याच्या निमित्ताने बुंध्यापाशी जाळ करावयाचा, किंवा खोडाची साल सर्व बाजूंनी काढून ठेवावयाची, म्हणजे झाड दोन वर्षांत आपोआप वाळते आणि बोल कोणावर येत नाही. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. सालीचा पट्टा सभोवार निघाला की मुळांची उपासमार होते व झाड उभ्या उभ्या मरते. साठ वर्षांचा वृक्ष चार वितींच्या जागेसाठी असा घालविणे हा व्यवहारही नव्हे, कारण वाळलेले झाड वादळात त्याच शेतावर आडवे होते.

सावटाचे नुकसान पुष्कळ अंशी झाडाची जागा निवडताना टाळता येते. आपल्या भागात वर्षातील बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. रब्बीत तर तो फारच खाली असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्याच्या उत्तर कडेस लावलेल्या झाडाची लांब सावली हिवाळाभर उत्तरेकडील हरभऱ्यावर व गव्हावर पडते. तेच झाड दक्षिण कडेस असेल, तर त्याची सावली रस्त्यावर पडते व कोणाचेच बिघडत नाही. म्हणून अशा रस्त्यावर मोठ्या घेराची झाडे दक्षिणेकडे लावावीत व उत्तरेकडे लावावयाचीच असतील तर बहावा, आपटा, कांचन ह्यांसारखी लहान जातीची लावावीत. दक्षिणोत्तर रस्त्यावर पश्चिमेची ओळ महत्त्वाची, कारण तिसऱ्या प्रहरच्या उन्हात वाटेवर सावली तीच धरते. मुळांविषयी म्हणावयाचे तर, झाड मोठे झाल्यावर बुंध्यापासून दहा-बारा फूट अंतर राखून शेताच्या कडेने दोन-तीन फूट खोल चर काढल्यास वरच्या थरातील मुळे शेतात शिरत नाहीत. हा चर एकाच बाजूस काढावा. दोन्ही बाजूंची मुळे तोडलेले झाड वाऱ्यास टिकत नाही.

जातींची निवड करताना आम्ही एकच कसोटी मुख्य मानतो : चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत झाड पानांनी भरलेले असते काय? कडुनिंब, पिंपळ व करंज ह्यांस फाल्गुन-चैत्रात नवी पालवी फुटते. आंबा व चिंच सहसा पूर्ण निष्पर्ण होत नाहीत. वडाची सावली बाराही महिने सापडते. काळ्या खोल जमिनीत चिंच, वड, कडुनिंब व आंबा. मुरमाड माळावर कडुनिंब, करंज व शमी. ओढ्याकाठी व पैनगंगेच्या बाजूस अर्जुन, जांभूळ व करंज, अशी साधारण वाटणी ध्यानात ठेवावी. विजेच्या तारांखाली मोठे झाड लावणे म्हणजे पुढे त्याची मान कापून घेणे होय. तेथे लहान जातीच घ्याव्यात. गुलमोहर फुलतो सुंदर, परंतु तो मूळचा मादागास्कर बेटातला असून त्याचे लाकूड ठिसूळ व मुळे उथळ असतात, आणि फुलोऱ्यापूर्वीच्या उन्हात तो बहुधा उघडाच असतो. एखाद्या बागेत तो शोभेल. रहदारीच्या रस्त्यावर मात्र लावू नये.

शमीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण दसऱ्यास तिचे नाव घेऊन वर्षभर आपण तिला विसरतो. राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात. जोधपूरजवळील खेजडली गावी इ. स. १७३० साली ह्याच झाडांच्या रक्षणार्थ अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. अरबस्तानच्या किनाऱ्यावर हाच वृक्ष घाफ म्हणून ओळखला जातो व संयुक्त अरब अमिरातीचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. तिची मुळे फार खोल जातात, पावसाळ्यापूर्वीच्या कडक उन्हातच तिला नवी पालवी येते, द्विदल वर्गातली असल्याने ती जमिनीस नत्र पुरविते, आणि मारवाडात तिच्याखाली पेरलेली बाजरी उलट चांगली येते. म्हणजे सावटाच्या तक्रारीस हे एक जिवंत उत्तर आहे. मुरमाड माळ असलेल्या प्रत्येक गावाने पाच-दहा शमी लावून पाहाव्यात.

वाळवंटातील शहरांचा उल्लेख आला म्हणून त्यांच्यापासून घेण्याजोगे एक व टाळण्याजोगे एक सांगून टाकतो. अबू धाबी, दुबई येथे पाऊस नाममात्र असून रस्त्यांच्या कडा हिरव्या आहेत. ह्याचे रहस्य हे की शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते नळ्यांवाटे झाडांच्या बुंध्याशी ठिबकविले जाते. आपल्याकडे हातपंपापाशी, सार्वजनिक नळापाशी व धुण्याच्या दगडापाशी जे पाणी साचून डबके होते, त्यास एक नाली काढून दिली तर तीन-चार झाडे फुकट पोसली जातील व डासही कमी होतील. टाळावयाचे ते कोनोकार्पस नावाचे झाड. वाळवंटी शहरांचे पाहून झटपट हिरवळीच्या मोहाने ते आपल्या देशातील कित्येक शहरांनी लावले. पुढे त्याच्या मुळांचा व परागांचा उपद्रव ध्यानात येऊन गुजरात सरकारने इ. स. २०२३ साली त्याच्या लागवडीस बंदी केली. रोपवाल्याने ते फुकट दिले तरी घेऊ नये.

लागवड

महाराष्ट्रात इ. स. २०१६ ते २०१९ ह्या चार पावसाळ्यांत अनुक्रमे २, ४, १३ व ३३ कोटी झाडे लावण्याचे संकल्प सरकारने सोडले. आकडे चढत गेले. परंतु झाड हे लावण्याच्या दिवशी मोजावयाचे नसून तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजावयाचे असते, आणि तसे मोजण्यास समारंभ होत नाही. गावाने स्वतःचा हिशेब निराळ्या रीतीने मांडावा. आधी पाणी मोजावे, मग रोपे मोजावीत.

एका रोपास पहिल्या वर्षी आठवड्यास ३० लिटर, म्हणजे दोन घागरी पाणी धरू. कार्तिकअखेर ओल संपते, तेव्हापासून मृगापर्यंत सुमारे ३० आठवडे होतात. शंभर रोपांस आठवड्यास ३,००० लिटर, आणि हंगामभरात ९०,००० लिटर. म्हणजे ५,००० लिटरचे अठरा टँकर. एवढी तरतूद गावापाशी असेल तर शंभर रोपे लावावीत. नऊच टँकरांची असेल तर पन्नास लावावीत. हजार रोपे लावून दिवाळीनंतर त्यांकडे पाठ फिरविण्यापेक्षा ही पन्नास झाडे गावास अधिक उपयोगी पडतील. पाणी आणखी वाचवावयाचे असेल, तर रोपापासून हातभर अंतरावर कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून वर झाकण ठेवावे. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपत राहते, वाफ होऊन उडून जात नाही, आणि मूळ आपण होऊन ओलीकडे खाली वळते. दुसऱ्या वर्षी पाळी पंधरवड्यावर न्यावी व एका वेळचे पाणी वाढवावे. तिसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा पुरे. रोज तांब्याभर पाणी घालण्याची रीत वाईट. तिने मुळे वरच्यावर राहतात व झाडास कायमची सवय लागते.

खड्डे चैत्र-वैशाखात काढून तापू द्यावेत. खड्डा लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी तीन फूट असावा. मुरमात ह्याहून लहान खड्डा म्हणजे कुंडीच समजावी. वरच्या थराची माती वेगळी ठेवून तीत तलावाचा गाळ, दोन पाट्या कुजलेले शेणखत व किलोभर निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. पेंडीने वाळवीस आळा बसतो. दोन चांगले पाऊस होऊन खड्डा बसला की रोप लावावे. रस्त्याकडेस हातभर उंचीचे रोप लावू नये, शेळी ते ठेवीत नाही. दोन वर्षांचे, पुरुषभर उंचीचे रोप घ्यावे. मोठी रोपे पिशवीत फार दिवस राहिलेली असतात व त्यांची मुळे तळाशी गुंडाळलेली असतात. पिशवी पूर्ण काढावी व गुंडाळलेली मुळे चाकूने तोडून मोकळी करावीत, नाही तर तीच मुळे दहा-पंधरा वर्षांनी बुंध्यास फास लावतात. वडाची गोष्ट निराळी. मनगटाहून जाड, सात-आठ फूट लांब अशी सरळ फांदी पावसाच्या आरंभी दोन हात खोल पुरली तरी ती मूळ धरते. पूर्वी पाणवठ्यांवरचे पुष्कळ वड असेच लावले जात. वडास वडापासून पन्नास-साठ फूट, चिंचेस चाळीस फूट व कडुनिंबास तीस फूट अंतर द्यावे.

कुंपणास बोरी-बाभळीचे काटे पुरतात व ते दर साली बदलावेत. लोखंडी पिंजरा घातल्यास तो वेळेवर काढण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकावी. पिंजरा सालीत रुतून अर्धवट गिळला गेलेली झाडे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

वाढलेल्या झाडाची निगा

लहान रोपाकडे दोन वर्षे तरी लक्ष असते. मोठ्या झाडास मात्र काही लागत नाही अशी समजूत आहे. मोठ्या झाडाचे मरण बहुधा त्याच्या बुंध्यापाशी सुरू होते. पूर्वी वडा-पिंपळास पार बांधीत तो दगडमातीचा असे व त्यातून पाणी व हवा मुळांपर्यंत जाई. हल्ली भक्तिभावाने सिमेंटचा पार बांधून वर फरशी बसवितात, रस्त्याचे डांबर थेट खोडास भिडवितात व शहरात सिमेंटच्या ठोकळ्यांनी बुंधा बंद करतात. मुळांसही श्वासोच्छ्वास आहे. ती कोंडली की शेंडा वाळू लागतो आणि मग झाडास कीड लागली असे म्हणतात. पार जरूर बांधावा, पण आत निदान तीन फूट जमीन मोकळी ठेवावी, आणि बुंध्यावर नवी माती चढवू नये. खोडास चुना व गेरू लावण्याने अपाय नाही. तैलरंग लावू नये. जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे हे सालीस केलेले घाव आहेत व तेथून बुरशीस वाट मिळते.

छाटणीत फार अनर्थ होतो. तारांस फांद्या लागतात म्हणून वीजवाहिनीची माणसे येतात आणि झाडाचा शेंडाच सपाट करून जातात. अशा झाडास पुढच्या वर्षी वरच्यावर चिकटलेल्या, कमकुवत फुटव्यांचा झुपका येतो व वादळात तोच मोडून तारांवर पडतो. फांदी काढावयाची तर तीन काप घ्यावेत. प्रथम खोडापासून हातभर दूर खालच्या अंगाने तिसरा हिस्सा कापावे. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. शेवटी उरलेला खुंट कापावा. फांदी जेथे खोडास मिळते तेथे साल किंचित फुगून कड्यासारखी झालेली असते. ते कडे शाबूत ठेवून त्याच्या अगदी बाहेर शेवटचा काप घ्यावा. त्या कड्यातूनच नवी साल येऊन जखम भरते. कडे कापले तर जखम उघडी राहते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो व कुज खोडात उतरते. ही छाटणी हिवाळ्याच्या शेवटी करावी, पावसाळ्यात करू नये.

बांडगूळ दिसताच ते फळण्यापूर्वी काढावे व त्याच्या जागेखाली फूटभर फांदी घेऊन काढावे, कारण त्याची मुळे लाकडात शिरलेली असतात. सागाच्या पानांची पावसाळ्यात अळीने चाळण झालेली पाहून कित्येक घाबरतात. झाड पुन्हा पालवते, त्यावर खर्च करू नये. कडुनिंबाविषयी मात्र सावध करतो. शेजारच्या तेलंगणात इ. स. २०२० नंतर कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला. तो बुरशीजन्य असून पावसाळ्यात व त्यानंतर डहाळ्यांची टोके करपल्यासारखी होतात, आणि रस शोषणारा ढेकण्या त्यास हातभार लावतो. झाड मेले असे समजून ते तोडण्याची घाई करू नये. बहुतेक झाडे पुन्हा फुटतात. रोगट डहाळ्या कापून जाळाव्यात व कापण्याचे हत्यार दुसऱ्या झाडास लावण्यापूर्वी स्वच्छ करावे.

कायद्याचे दोन शब्द अवश्य आहेत. किनवट तालुका इ. स. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेव्हापासून तो नांदेडात असून महाराष्ट्राचे वृक्षविषयक कायदे त्यास लागू आहेत. खेड्यांकरिता १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ इत्यादी झाडे असून ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. किनवट शहरास नगर परिषद असल्यामुळे तेथे नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा चालतो. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्ष ही संज्ञा मिळाली, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असे ठरले. ऐंशी वर्षांच्या चिंचेस ऐंशी रोपे, हा हिशेब कागदावर न्याय्य दिसतो. पण ऐंशी रोपांचे पाणी कोण घालणार हे आम्ही वर मांडलेच आहे.

रस्ता रुंद होताना झाड गेलेच पाहिजे असे नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या नांदेडावरून जातो. त्याच मार्गावर मिरज तालुक्यातील भोसे येथील सुमारे चारशे वर्षांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वडासाठी इ. स. २०२० साली लोकांनी आवाज उठविला व रस्त्याची आखणी बदलण्यात आली. हरकत मोजणीच्या वेळी घ्यावयाची असते; करवत आल्यावर घेतलेली हरकत बहुधा निष्फळ ठरते. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील मोठ्या झाडांची जात, छातीइतक्या उंचीवरचा घेर व ठिकाण ह्यांची नोंदवही आजच करून ठेवावी. शाळेची मुले एका रविवारी हे काम करू शकतील.

पुढील पावसाळ्याकरिता उंच रोपे हवी असल्यास सामाजिक वनीकरणाच्या व वन विभागाच्या रोपवाटिकांकडे फाल्गुनातच लेखी मागणी नोंदवावी. आषाढात गेलेल्यास गुलमोहर तेवढा शिल्लक मिळतो. मागणीपत्रावर जात, रोपाची उंची व संख्या ही तिन्ही स्पष्ट लिहावीत, आणि संख्या लिहिण्यापूर्वी टँकरांचा हिशेब करून घ्यावा.